खाऱ्या तळ्यातली रेल्वे

आज आम्ही तुम्हाला एका पुलाची गोष्ट सांगणार आहोत. हा पूल आपल्या देशातला नाही. तो अमेरिकेतल्या युटा नावाच्या राज्यात, ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या तळ्यावर बांधला होता. १९०२ ते १९०४ या काळात तिथे सुमारे १९ किलोमीटर लांबीचा रेल्वेपूल उभा राहिला आणि तोही लाकडाचा. इतक्या दूरचा पूल आपल्या काय कामाचा, असं वाटेल. पण त्या पुलाच्या सव्वाशे वर्षांच्या कहाणीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, आणि तो आपल्या प्रत्येक गावाचा आहे. रस्ता करताना पाण्याला वाट कुठे ठेवली?

आधी ते तळं कसं आहे ते बघू. ग्रेट सॉल्ट लेक लांबीला सुमारे १२० किलोमीटर आहे. उभं राहिलं तर पलीकडचा काठ दिसायचा नाही, इतकं मोठं. पण खोली फारशी नाही, बऱ्याच ठिकाणी ३० फुटांच्या आतच. त्यात नद्या येऊन मिळतात, पण त्यातून एकही नदी बाहेर पडत नाही. आलेलं पाणी उन्हाने वाफ होऊन उडतं आणि त्यासोबत आलेले क्षार तळ्यातच राहतात. चुलीवर पाणी आटलं की पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो ना, तसंच. हजारो वर्षं हे चालू असल्यामुळे तळ्याचं पाणी समुद्रापेक्षा कितीतरी जास्त खारट झालं. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर असंच आहे. त्यातूनही पाण्याला बाहेर जायला वाट नाही, म्हणून तेही खारं. लोणारची आठवण ठेवा, पुढे ती कामाला येईल.

आता रेल्वेकडे येऊ. आपल्याकडे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली. त्यानंतर सोळा वर्षांनी, १० मे १८६९ या दिवशी, अमेरिकेचा पूर्व भाग आणि पश्चिम भाग रेल्वेने जोडले गेले. दोन कंपन्या दोन बाजूंनी रूळ टाकत आल्या आणि युटामध्ये प्रोमॉन्टरी नावाच्या उंचवट्यावर त्यांची गाठ पडली. शेवटचा खिळा म्हणून सोन्याचा खिळा आणला होता. मोठा सोहळा झाला. पश्चिमेकडून आलेला मार्ग बांधण्यात हजारो चिनी मजुरांचे कष्ट होते. डोंगर फोडणं, सुरुंग लावणं, बर्फात काम करणं त्यांच्याच वाट्याला आलं. पण सोहळ्याच्या प्रसिद्ध फोटोत साहेब लोकच पुढे दिसतात.

त्या रेल्वेला तळं ओलांडता आलं नव्हतं. म्हणून ती तळ्याच्या उत्तरेकडून वळसा घालून, प्रोमॉन्टरीचा डोंगर चढून जायची. चढ अवघड होता, वळणं फार होती. जड मालगाडीला एक इंजिन पुरत नसे, जोडीला जादा इंजिन लावावं लागे. मुंबईहून पुण्याला जाताना कर्जतला गाडी थांबते आणि खंडाळ्याचा घाट चढायला मागून इंजिनं लावतात, ते तुमच्यातल्या कित्येकींनी पाहिलं असेल. तसाच हा प्रकार. त्यात वेळ जायचा, कोळसा जायचा, पैसा जायचा.

१९०१ मध्ये सदर्न पॅसिफिक ही रेल्वे कंपनी हॅरिमन नावाच्या उद्योगपतीच्या ताब्यात आली. तळ्याला वळसा न घालता सरळ तळ्यातूनच रूळ न्यायचे, हा विचार आधीपासून होता. हॅरिमनने तो मनावर घेतला. विल्यम हूड हे कंपनीचे मुख्य इंजिनिअर होते. त्यांच्या देखरेखीखाली १९०२ मध्ये काम सुरू झालं. पूर्वेला ऑग्डेन हे शहर आणि पश्चिमेला लुसिन हे ठिकाण, या दोन टोकांना सरळ रेषेत जोडायचं होतं. जुना वळसा सुमारे २३६ किलोमीटरचा होता, नवी वाट १६५ किलोमीटरची. म्हणजे प्रत्येक फेरीला ७० किलोमीटर वाचणार होते आणि डोंगराची चढणही टळणार होती.

काम कसं केलं, तेही ऐकण्यासारखं आहे. काठाजवळ पाणी उथळ होतं, तिथे दगडमातीचा भराव टाकला. मधल्या खोल भागात लाकडाचे खांब ठोकून त्यांच्यावर पूल उभारला. त्यासाठी पश्चिम किनाऱ्याजवळच्या जंगलांतून उंच सरळसोट झाडं तोडून आणली. तळ्याच्या बुडात ३८,००० पेक्षा जास्त खांब ठोकले. वाफेवर चालणारी यंत्रं वरून जड घण आपटत आणि खांब खाली जात. बुडाला कुठे मिठाचा कडक थर, तर त्याच्या खाली मऊ चिखल. भराव तर कमालीचा त्रास देत होता. दगडमाती टाकावी, रूळ बसवावेत आणि थोड्याच दिवसांत सगळं खाली खचावं. पुन्हा टाका, पुन्हा खचा. गाळाच्या विहिरीत मुरूम टाकला तर तो जसा गडप होतो, तसं चाललं होतं.

या कामावर सुमारे ३,००० माणसं होती. तळ्यातच, पाण्याच्या वर, खांबांवर फळ्या टाकून त्यांच्या राहण्याच्या खोल्या केल्या होत्या. वादळात लाटा पोचू नयेत इतक्या त्या उंच ठेवल्या होत्या. जिकडे बघावं तिकडे पाणी, पण प्यायला थेंब नाही. प्यायचं पाणी आणि इंजिनाचं पाणी रेल्वेने लांबून आणावं लागे. टँकरच्या पाण्यावर उन्हाळा काढलेल्या बाईला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

नोव्हेंबर १९०३ मध्ये दोन्ही बाजूंचे रूळ तळ्यात एकमेकांना मिळाले. १९०४ पासून गाड्या धावू लागल्या. पुलाच्या मधोमध मिडलेक नावाचं ठिकाण होतं. मिडलेक म्हणजे तळ्याचा मध्य. तिथे पुलालगतच्या फळ्यांवर तारायंत्राचं ऑफिस आणि रेल्वेच्या माणसांची घरं होती. अंगण नाही, माती नाही, खाली खारं पाणी आणि शेजारून धडधडत जाणारी गाडी. तिथेही माणसांनी संसार केले.

आता त्या जुन्या वाटेचं काय झालं ते सांगतो. पूल सुरू झाला आणि मोठ्या गाड्या प्रोमॉन्टरीला जाईनाशा झाल्या. जिथे सोन्याचा खिळा ठोकला होता, ते ठिकाण आडबाजूला पडलं. जादा इंजिनं नकोत, म्हणजे ती सांभाळणारी माणसं नकोत. माणसं नाहीत, म्हणजे खाणावळ नको, दुकान नको. हमरस्ता दुसरीकडून गेला की आपल्याकडे जुन्या फाट्यावरच्या चहाच्या टपऱ्या बंद पडतात, तसंच झालं. १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धात लोखंडाची गरज पडली, तेव्हा त्या जुन्या वाटेचे रूळही उखडून नेले.

ते ठिकाण लोक विसरूनच गेले असते. पण जवळच कोरिन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या बर्निस गिब्ज अँडरसन या बाईंनी ते विसरू दिलं नाही. त्या वर्तमानपत्राला बातम्या पाठवायच्या. ही जागा देशाने जपली पाहिजे, असं त्या वर्षानुवर्षं सरकारला लिहीत राहिल्या. १९५७ मध्ये त्या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून मान्यता मिळाली आणि १९६५ मध्ये सरकारने ते स्थळ स्वतःच्या देखभालीखाली घेतलं. आज तिथे माणसं मुलाबाळांना घेऊन जातात. रेल्वे बांधणाऱ्यांची नावं सगळीकडे आहेत, पण ती जागा टिकली ती एका गावातल्या बाईच्या चिकाटीने. अर्ज एकदा करून थांबायचं नसतं, हे यातून आपणही घ्यावं.

आता गोष्टीचा मुख्य भाग. लाकडी पुलाने चाळीस-पन्नास वर्षं इमानाने काम केलं. पण गाड्या जड झाल्या, लाकूड जुनं झालं, दुरुस्तीचा खर्च वाढला, आगीची भीती कायम होती. पुलावर गाडी हळू चालवावी लागे. म्हणून कंपनीने ठरवलं, की पुलाच्या शेजारीच दगडमातीचा पक्का बांध घालायचा आणि त्यावरून रेल्वे न्यायची. १९५५ ते १९५९ या काळात हे काम झालं. बुडातला मऊ गाळ आधी उपसला, मग आजूबाजूच्या डोंगरांतून दगड आणि मुरूम आणून ओतला. सुमारे २० किलोमीटरचा भराव तयार झाला. गाड्या वेगाने धावू लागल्या. रेल्वेच्या हिशेबाने काम उत्तम झालं होतं.

पण पूल आणि भराव यात एक मोठा फरक आहे. पूल कितीही लांब असला, तरी त्याच्या खांबांमधून पाणी जातं. माणूस वरून जातो, पाणी खालून जातं, दोघांचं भांडण नाही. भराव म्हणजे भिंत. पाण्याला जायला त्यात मुद्दाम जागा ठेवावी लागते. या भरावात पाण्यासाठी दोन मोऱ्या ठेवल्या होत्या, प्रत्येकी १५ फूट रुंदीच्या. हिशेब करा. २० किलोमीटर लांबीची भिंत आणि पाण्याला वाट अवघी ३० फूट. अख्ख्या गावाला एकच नळ ठेवावा, तशी गत.

मग काय झालं? एका तळ्याची दोन तळी झाली. तळ्याला मिळणाऱ्या मोठ्या नद्या बहुतेक दक्षिणेच्या बाजूला येतात. गोडं पाणी दक्षिणेत आलं आणि तिथेच अडलं. उत्तरेला गोड्या पाण्याचा वाटा जवळजवळ बंद झाला. तिथे ऊन मात्र तेवढंच. पाणी उडत गेलं आणि मीठ साठत गेलं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. उत्तर भागात मिठाचं प्रमाण इतकं वाढलं, की पाण्याच्या वजनाचा चौथा हिस्सा मीठच झालं. बुडाला मिठाचे जाड थर बसू लागले.

रंगही बदलला. दक्षिणेचं पाणी निळं-हिरवं राहिलं, उत्तरेचं गुलाबी-लालसर झालं. विमानातून बघितलं तर मधली रेल्वेची रेघ आणि दोन्ही बाजूंना दोन रंग स्पष्ट दिसतात. आता लोणार आठवा. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी एकाएकी गुलाबी झालं होतं. काहींनी देवाचा कोप म्हटलं, काहींनी चमत्कार म्हटलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तिथलं पाणी तपासलं, तेव्हा कळलं, की फार खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे हा रंग आला. त्या उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला होता. युटाच्या तळ्याच्या उत्तर भागात अशाच जिवांनी कायमचं घर केलं.

रंग बघायला छान वाटतो, पण त्या पाण्यात दुसरं काही जगणं कठीण. या तळ्यात मासे नाहीत, पण नखाएवढी बारीक खारी कोळंबी आणि एक प्रकारची माशी यांची रेलचेल असते. लांबचा प्रवास करणारे लाखो पक्षी तिथे उतरतात आणि त्यांच्यावर पोट भरतात. त्या कोळंबीची अंडी गोळा करून विकण्याचा मोठा धंदा तिथे चालतो. जगभर मासे आणि कोळंबी पाळणारे लोक पिल्लांना खाद्य म्हणून ती वापरतात. उत्तरेचं पाणी कोळंबीलाही झेपेना. म्हणून पक्ष्यांचं खाणं आणि माणसांचा धंदा, दोन्ही दक्षिणेच्या भागात उरलं.

पुढे १९८३ साली त्या भागात खूप बर्फ पडला आणि तो एकदम वितळला. जवळच्या सॉल्ट लेक सिटी शहरात वाळूची पोती रचून एका मोठ्या रस्त्याचीच नदी करावी लागली. सगळं पाणी तळ्याच्या दक्षिण भागात जमू लागलं. भरावाच्या दोन बाजूंच्या पातळीत तीन-चार फुटांचा फरक पडला. दक्षिणेकडचे रस्ते, शेतं आणि कारखाने धोक्यात आले, आणि पलीकडे उत्तरेला पाणी मावायला जागा होती. शेवटी १९८४ च्या ऑगस्टमध्ये त्या राज्याच्या सरकारने भराव ३०० फूट रुंद फोडला आणि पाणी पलीकडे सोडलं. जी वाट बांधताना ठेवली नव्हती, ती २५ वर्षांनी संकटात करावी लागली.

तेवढ्याने संपलं नाही. त्या दोन मोऱ्या चिखलात खचत होत्या. २०१२ आणि २०१३ मध्ये त्या बंद कराव्या लागल्या. मग नवा उपाय म्हणून भराव तोडून तिथे सुमारे १८० फुटांचा पूल बांधला आणि १ डिसेंबर २०१६ रोजी त्याखालून पाणी सोडलं. म्हणजे १९०४ साली पूल होता, १९५९ साली भराव आला आणि २०१६ साली भरावात पुन्हा पूल आला.

या नव्या पुलाखाली एक शहाणपणाची गोष्ट केली आहे. तिथे पाण्याखाली दगडांचा ठेंगणा बांध आहे, तो गरजेप्रमाणे उंच-सखल करता येतो. २०२२ मध्ये तळ्याची पातळी आजवरच्या नोंदींत सगळ्यांत खाली गेली. याला रेल्वे कारण नव्हती. नद्यांचं पाणी वरच्या वर शेतीला आणि शहरांना वळवलं गेलं, त्यात दुष्काळ आला. दक्षिणेचं पाणी इतकं खारट झालं, की कोळंबी मरेल अशी भीती पडली. तेव्हा तो बांध उंच केला, म्हणजे उत्तरेचं अति खारट पाणी दक्षिणेत मिसळणार नाही आणि दक्षिणेचं गोडं पाणी तिथेच टिकेल. एकेकाळी फोडावी लागलेली वाट आता आवळून धरावी लागली. म्हणून वाट नुसती ठेवून भागत नाही. तिच्याकडे कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं, कधी उघडायची आणि कधी आवळायची हे ठरवावं लागतं. शेततळ्याची सांडवी सांभाळणाऱ्या बाईला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही.

आणि त्या जुन्या लाकडी पुलाचं काय झालं? १९९० नंतर तो मोडून लाकूड विकायला सुरुवात झाली. ते लाकूड खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं मुरलेलं, मिठातल्या कैरीसारखं. त्याला कीड लागली नव्हती, ते कुजलं नव्हतं. लोकांनी ते घरांच्या तुळयांना, जमिनीला, फर्निचरला वापरलं.

मैत्रिणींनो, रेल्वे नको होती असं आम्ही म्हणत नाही. ७० किलोमीटरचा वळसा वाचणं ही मोठी गोष्ट आहे. आपल्यालाही रस्ता हवाच असतो. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला हवा, शेतमाल बाजारात न्यायला हवा, मुलींना शाळेत जायला हवा. पण जवळच्या वाटेचा हिशेब मांडताना वाचलेले किलोमीटर तेवढे मोजले जातात. पाणी कुणाच्या शेतात तुंबेल, कुणाची विहीर कोरडी पडेल, कोणत्या वस्तीत पावसात घरात पाणी शिरेल, हे मोजायला कुणी बसत नाही. ते नुकसान बहुतेक वेळा ज्यांना कुणी विचारत नाही त्यांच्या वाट्याला येतं, आणि घरात शिरलेलं पाणी उपसायला बाईच असते.

म्हणून आमचं एवढंच सांगणं आहे. तुमच्या गावात पाणंद रस्ता होणार असेल, ओढ्यावर भराव पडणार असेल, तर काम सुरू होण्याआधी विचारा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आपल्या राज्याच्या कायद्यात आहे. ती सभा नुसती सह्यांपुरती होऊ देऊ नका. तिथे चार प्रश्न ठेवा. पाणी आत्ता कोणत्या बाजूने येतं आणि कुठे जातं? रस्त्यात मोऱ्या किती, कुठे आणि किती रुंद धरल्या आहेत? जास्त पाऊस झाला तर पाणी कुठे जाईल? आणि मोरी बुजली तर ती साफ कोण करणार? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. गावातलं पाणी कुठून वाहतं, हे नकाशापेक्षा म्हाताऱ्या आजीबाईंना जास्त चांगलं माहीत असतं. त्यांना सभेला सोबत घेऊन जा.

युटाच्या त्या भरावात दोनच मोऱ्या ठेवल्या आणि पुढची साठ वर्षं लोक ती चूक दुरुस्त करत राहिले. आपल्या ओढ्यावर आणखी दोन पाइप टाकायला कामाच्या वेळी फार खर्च येत नाही. तो आग्रह तेव्हाच धरायचा असतो.